आधी वायर, मग डबा

गेल्या दिवाळीत भाचा आला तो मोबाइलमध्ये तीस-पस्तीस फोटो भरूनच. सिंथ, ड्रम मशीन, लाल-निळे दिवे लागलेले पॅड. "मामा, यातलं आधी कुठलं घेऊ?" मी विचारलं, "तुझ्या खोलीत थ्री-पिनचे पॉइंट किती, आणि त्यातल्या कितींना खरं अर्थिंग आहे?" त्याचं तोंड असं झालं, की लाडू मागितला आणि मामाने हातावर कारल्याची फोड ठेवली.

मी चेष्टा करत नव्हतो. मी ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातला. बारा वर्षं बँजो पार्टीत ऑक्टापॅड वाजवला. दिवसा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतो, आणि गेली आठ-नऊ वर्षं रात्री घरी इलेक्ट्रॉनिक म्युझिक करतो. दोनेक महिन्यांतून एकदा कुठेतरी लाइव्ह वाजवायला मिळतं. तिन्हीकडे अनुभव एकच आला. डबा, म्हणजे सिंथ-ड्रम मशीनसारखं कुठलंही यंत्र, सहसा बिघडत नाही. घोटाळा होतो तो दोन डब्यांच्या मधे, म्हणजे विजेत, वायरीत नाहीतर ठेक्यात. भाच्याला त्या दिवशी जे सांगितलं ते त्याच क्रमाने लिहितोय. डबे शेवटी येतील, धीर धरा.

वीज

एक साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या. ज्या पॉइंटवर सगळं सामान बसणार तिथे फेज-न्यूट्रल मोजा. २३० व्होल्टच्या आसपास आलं पाहिजे. मग फेज-अर्थ मोजा, तेही जवळपास तेवढंच हवं. न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्टच्या आत असेल तर उत्तम. फेज-अर्थला ऐंशी, शंभर असा अर्धवट आकडा येत असेल तर वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नाही, किंवा ती मधे कुठेतरी तुटलीय. जुन्या घरांत हे सर्रास सापडतं. पॉइंट दिसायला थ्री-पिन, आतून टू-पिन.

मीटर हातात धरायची भीती वाटत असेल तर वायरमनला बोलवा, यात लाज कसली. तो टेस्ट लॅम्प लावून बघेल. घरात आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) असेल तर फेज आणि अर्थच्या मधे दिवा लावल्याबरोबर तो खटकन पडेल आणि घरात अंधार होईल. आनंद माना. अर्थिंग आहे आणि आरसीसीबीही जिवंत आहे, दोन्ही एका फटक्यात कळलं.

आता आकडेमोड. लॅपटॉप, पाच इंची दोन मॉनिटर (मिक्स ऐकायचे स्पीकर), इंटरफेस (लॅपटॉपमधून आवाज आत-बाहेर नेणारा डबा), तीन-चार छोटे डबे, सगळं मिळून तीनशे वॅटही ओढत नाही. सहा अँपिअरचा साधा पॉइंट २३० व्होल्टला १३८० वॅट सोसतो. म्हणून सगळं सामान एकाच पॉइंटवरून, एकाच चांगल्या स्पाइक गार्डवरून घ्या. अर्धं या भिंतीवरून आणि अर्धं त्या भिंतीवरून घेतलंत की दोन ठिकाणच्या अर्थमधे फरक पडतो, तो फरक तुमच्या ऑडिओच्या वायरीतून वाहतो आणि स्पीकरमधून हूँऽऽ असं हमिंग सुरू होतं. ते ५० हर्ट्झचं, वर १०० आणि १५०ची भेसळ. इस्त्री आणि फ्रिज मात्र त्या गार्डवर नकोत.

हमिंग आलं की लोक काय करतात ते मी डोळ्यांनी पाहिलंय. एका हळदीला आमच्या कीबोर्डमधून हमिंग येत होतं. कोणीतरी शहाण्याने अँपच्या प्लगची अर्थची पिन काढून टाकली. हमिंग गेलं, सगळे खूश. मग गायक माइकला ओठ लावायला गेला आणि दोन पावलं मागे फेकला गेला. वाचला, पण त्या रात्री पुन्हा गायला नाही, आणि आम्हीही कोणी त्याला गा म्हणालो नाही. अर्थची पिन कधीही, कोणीही सांगितलं तरी, कापायची नाही. हमिंगसाठी डीआय बॉक्स मिळतो, वाद्य आणि मिक्सरच्या मधे लावायचा. त्यावर ग्राउंड लिफ्ट नावाचं बटण असतं. ते सिग्नलच्या वायरीतला ग्राउंड तोडतं, विजेच्या अर्थला हात लावत नाही. माणूस सुरक्षित, आवाज साफ.

दुसरा आवाज किरकिरीचा. माउस हलवला की किर्र, हार्ड डिस्क फिरली की चिर्र. तो लॅपटॉपच्या चार्जरमधून यूएसबीवाटे येतो. चार्जर काढून बघा. थांबला तर चोर सापडला. उपाय असा, की इंटरफेसपासून मॉनिटरपर्यंत टीआरएस किंवा एक्सएलआर प्लगची बॅलन्स्ड (मधे घुसलेली किरकिर खोडून टाकणारी) वायर घाला, मोबाइलची ऑक्स वायर नको. तरी राहिलं तर पुन्हा तोच डीआय.

अडॅप्टरबद्दल एक रडगाणं गातो. गिटारच्या बहुतेक पेडलना ९ व्होल्टचा अडॅप्टर लागतो, त्यात मधली पिन निगेटिव्ह असते. छोट्या सिंथपैकी अनेकांना पण ९ व्होल्टच लागतात, पण त्यातल्या काहींत मधली पिन पॉझिटिव्ह. पुष्कळदा प्लग दिसायला सारखेच, आत जातातही सारखेच. मी घाईत एका छोट्या सिंथला पेडलचा अडॅप्टर लावला. आवाज आला नाही, वास आला. आता आमच्या घरी बायकोच्या नेलपॉलिशच्या दोन बाटल्या माझ्या मालकीच्या आहेत. लाल ठिपका म्हणजे मधली पिन पॉझिटिव्ह, जांभळा म्हणजे निगेटिव्ह. ठिपका अडॅप्टरच्या टोकावर आणि डब्याच्या भोकाशेजारी, दोन्हीकडे. अंधारात मोबाइलच्या उजेडात रंग जुळवायचे, वाचत बसायचं नाही. परदेशातून कोणी नातेवाईक डबा आणून देत असेल तर मागचं लेबल आधी फोटोत मागवा. अमेरिकेतला १२० व्होल्टचा किंवा जपानमधला १०० व्होल्टचा डबा आपल्या २३० वर थेट लावलात तर तो डबा एकदाच वाजतो.

खोली

माझी खोली १० फूट बाय ११ फूट. पलीकडे रेल्वे. १८५३ साली १६ एप्रिलला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ठाण्यालाच आली, तेव्हा माझ्या रेकॉर्डिंगचा विचार कोणी केला नाही. माइक लावून काही घ्यायचं असेल तर मी रात्री लोकल बंद झाल्यावर घेतो, तेही मधेच एखादी मालगाडी येणार हे धरून. पण इलेक्ट्रॉनिकवाल्याला माइक क्वचित लागतो. त्याचं खरं दुखणं बेस.

खोलीच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमधे एक ठरावीक स्वर अडकून बसतो. तो काढायचा हिशेब सोपा आहे. आवाजाचा वेग हवेत सेकंदाला साधारण ३४५ मीटर. त्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागा. १० फूट म्हणजे ३.०५ मीटर, उत्तर सुमारे ५७ हर्ट्झ. ११ फूट म्हणजे ३.३५ मीटर, उत्तर सुमारे ५१. पेटीवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर अगदी खालच्या सप्तकातली काळी चार आणि काळी पाच यांच्या आजूबाजूला. किक ड्रम आणि बेसलाइन नेमकी तिथेच राहतात.

गंमत अशी, की हे स्वर भिंतींपाशी आणि कोपऱ्यात फुगतात आणि खोलीच्या मधोमध जवळजवळ गायब होतात. मी पहिली दोन वर्षं मधोमध बसून मिक्स करत होतो. बेस कमी वाटायचा, मी वाढवायचो, पुन्हा कमी वाटायचा, पुन्हा वाढवायचो. पहिल्याच कार्यक्रमात सबवूफरवर माझं गाणं लागलं तेव्हा पुढच्या रांगेतल्या काकू छातीवर हात ठेवून उठल्या.

तुम्ही हे घरी करून बघा. कुठल्याही सॉफ्टवेअरमधून साइन वेव्ह (एकच शुद्ध स्वर) लावा, ४० हर्ट्झपासून १२० पर्यंत हळूहळू सरकवा. एकदा खुर्चीत बसून ऐका, एकदा कोपऱ्यात उभं राहून. कोणता आकडा फुगतो, कोणता गिळला जातो, ते पेन्सिलीने भिंतीवर लिहा. मग खुर्ची समोरच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या ३८ टक्क्यांवर आणा. सुरुवातीला ही जागा बरी पडते. माझ्या ११ फुटांत ते सव्वाचार फूट झालं. पलंग सरकवावा लागला, त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता.

मॉनिटर कानाच्या उंचीवर ठेवा. दोन मॉनिटर आणि तुमचं डोकं, तिन्हींत अंतर सारखं. मागे भिंत जवळ असेल तर बेस वाढतो, आणि आपल्या खोल्यांत ती जवळच असणार. यामाहाच्या एचएस-५ सारख्या मॉनिटरला मागे रूम कंट्रोलचं बटण असतं, दोन किंवा चार डेसिबल खाली आणायचं. ते कंपनीने शोभेसाठी दिलेलं नाही, वापरा.

अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवू नका. आवाजाला काही होत नाही आणि आग लागली तर घर जातं. गोधड्या टांगल्या की वरचा चरचरीत आवाज मरतो, बेसला ढिम्म काही होत नाही, म्हणजे खोली आणखी ढब्ब वाटते. कोपऱ्यांसाठी ४८ घनतेची रॉकवूलची (दगडी लोकरीची) पाटं मिळतात, दोन इंची. दोन-दोन जोडून चार इंच करा, सुती कापडात शिवून लाकडी चौकटीत बसवा आणि भिंतीपासून थोडं अंतर सोडून उभं करा. शिवताना मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, नाहीतर दोन दिवस खाजवत बसाल. एवढं करूनही ५० हर्ट्झ पूर्ण ताब्यात येत नाही. म्हणून मी शेवटची तपासणी हेडफोनवर करतो, आणि त्यानंतर आमच्या ओळखीच्या एका रिक्षावाल्याच्या मागच्या स्पीकरवर. तिथे किक कळली तर ती कुठेही कळते.

शेजाऱ्यांचं म्हणाल तर कायदा त्यांच्या बाजूने आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री हेडफोन. कानांचंही बघा. ८५ डेसिबलला आठ तास चालतात, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होत जातो. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं उरतात. बँजो पार्टीतल्या आमच्या जुन्या माणसांशी फोनवर ओरडून बोलावं लागतं ते उगाच नाही.

इंटरफेस

दोन इन, दोन आउटचा इंटरफेस घरासाठी पुरतो. लाइव्ह वाजवायचं मनात असेल तर आधीच चार आउटचा आणि पाच पिनांच्या मिडीचा घ्या. मिडी म्हणजे कोणती नोट कधी वाजवायची ते एका डब्याने दुसऱ्याला सांगायची भाषा. दोन आउट लोकांसाठी, उरलेल्यांतून क्लिक (ठेक्याची टिक-टिक) स्वतःच्या किंवा ढोलकीवाल्याच्या कानात. फोकसराइटच्या २आय२ ला मिडीची भोकं नाहीत, ४आय४ ला आहेत. बेरिंगरच्या यूएमसी२०४एचडीला चार आउट आणि मिडी दोन्ही आहे. नावं यासाठी सांगतो, की दुकानदार "सब में आता है" म्हणून मोकळा होतो.

बफर म्हणजे आवाजाचे बारीक तुकडे, म्हणजे सँपल, बाहेर पाठवण्याआधी लॅपटॉप करतो तो साठा. त्याने होणारा उशीर अंतरात समजून घ्या. ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ४८ हजार सँपल असताना, १२८ सँपलचा बफर म्हणजे २.७ मिलिसेकंद. ५१२ म्हणजे १०.७. तेवढ्या वेळात आवाज हवेतून साधारण पावणेचार मीटर जातो. म्हणजे पॅडवर काठी मारली आणि स्पीकर खोलीच्या पलीकडच्या भिंतीमागे आहे असं वाटणार. बोटाने की दाबणाऱ्याला कदाचित चालेल, काठीने वाजवणाऱ्याला अजिबात नाही. वाजवताना १२८, मिक्स करताना खुशाल ५१२. स्टेजवर मी २५६ वर थांबतो. थोडा उशीर परवडला, पण आवाज तुटायला नको.

ठेका कोणाचा?

ढोल-ताशाच्या पथकात पन्नास ढोल असले तरी ठेका ताशाच्या हातात असतो. दोन ताशेवाले आपापल्या मनाने निघाले तर काय होतं ते मिरवणुकीत सगळ्यांनी ऐकलंय. तुमच्या सेटअपमधेही ताशा एकच हवा. लॅपटॉप, ड्रम मशीन, सिंथ, यातला एक मास्टर, बाकी सगळे स्लेव्ह. प्रत्येक डब्याच्या मेनूत जाऊन क्लॉक, म्हणजे ठेक्याचं घड्याळ, 'इंटर्नल' (स्वतःचं) आहे का 'एक्स्टर्नल' (दुसऱ्याचं) ते तपासा. भाच्याच्या पुढच्या साठ टक्के तक्रारी या एका ओळीत मिटतील. आकडा माझ्या मनातला.

मिडी १९८३ साली आलं आणि तेव्हाच्या लोकांनी एक फार हुशारीचं काम करून ठेवलं. मिडी इनच्या भोकामागे ऑप्टोकपलर असतो. म्हणजे एका डब्यातली वीज दुसऱ्यात जातच नाही, मधे प्रकाशाने निरोप जातो. त्यामुळे पाच पिनांच्या मिडी वायरीतून हमिंग येत नाही. यूएसबीमधे हे नाही. दोन्हींची सोय असेल तर स्टेजवर मी डोळे मिटून पाच पिनांची जुनी वायर घेतो. पाचपैकी सिग्नलला ४ आणि ५ नंबरच्याच पिना लागतात, २ नंबरला शील्ड, १ आणि ३ मोकळ्या. सोल्डर करता येत असेल तर घरी करा. पंधरा मीटरपर्यंत वायर चालते.

मिडी क्लॉक एका ठोक्याला २४ टिचक्या पाठवतं. १२५ बीपीएमचा, म्हणजे मिनिटाला १२५ ठोक्यांचा, हिशेब करून बघा. मिनिटाला ३००० टिचक्या, सेकंदाला बरोबर ५०. म्हणजे आपल्या घरातल्या विजेचीच गती. हा निव्वळ योगायोग, पण माझ्यासारख्या वायरमनला तो भारी आवडला. माझी निम्मी गाणी १२५ वर आहेत.

इथे एक सापळा आहे. जुन्या रोलँडच्या डब्यांना, म्हणजे १९८०च्या टीआर-८०८ या ड्रम मशीनला आणि १९८१च्या टीबी-३०३ या बेसच्या सिंथला, मिडी नाही. त्यांना डिन सिंक आहे. भोक तेच पाच पिनांचं, आतली भाषा वेगळी. मिडीची वायर त्यात घुसते आणि काहीही होत नाही. १९८३च्या टीआर-९०९ ला दोन्ही आहेत. कोर्ग कंपनीच्या व्होल्कांसारख्या छोट्या डब्यांत साडेतीन मिलिमीटरच्या जॅकमधून पल्स जातो, एका ठोक्याला दोन. त्यात २४ चा क्लॉक कुठून आणणार? तिथे इंटरफेसच्या एका मोकळ्या आउटमधून टक-टक असा छोटा आवाज, प्रत्येक अर्ध्या ठोक्याला एक, भरपूर जोरात पाठवायचा. तो डबा त्यालाच पल्स समजतो. त्या आउटची वायर चुकून मिक्सरला लावू नका एवढंच.

डबे

आता भाच्याचा मूळ प्रश्न. खरं सांगायचं तर इथे माझ्याकडे फार नाही. हिंदी चित्रपटसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली मुंबईत ८०८, ३०३ आणि ज्युपिटर-८ हा रोलँडचाच सिंथ एवढ्या तीन डब्यांवर अख्खी तबकडी केली, रागांची आणि डिस्कोच्या ठेक्याची. आज त्या तिन्हींचे आवाज लॅपटॉपमधे मिळतात. सर्ज एक्सटी नावाचा सॉफ्टवेअरचा सिंथ फुकट आहे, व्हायटलची एक आवृत्ती फुकट आहे, यामाहाच्या डीएक्स-७ सिंथची नक्कल करणारं डेक्स्ड फुकट आहे. सहा महिने यावर काढा. नंतर एकच डबा घ्या, असा की ज्याला हात लावल्यावर स्क्रीनकडे बघायची गरज उरत नाही. सॉफ्टवेअर कुठलं, यावर लोक भांडतात. मी लाइव्हसाठी एबलटन वापरतो, कारण स्टेजवर गाणं थांबवल्याशिवाय पुढचा तुकडा लावता येतो.

पण आपल्याकडच्या मुलांनी एक गोष्ट हमखास विसरलेली असते. घरात, गल्लीत, काकाच्या माळ्यावर ऑक्टापॅड पडलेला असतो. रोलँडचा पहिला ऑक्टापॅड, पॅड-८, १९८५ साली आला तेव्हा त्याला स्वतःचा आवाजच नव्हता. तो दुसऱ्या डब्याला मिडीने वाजवण्यासाठीच होता. पुढे एसपीडी-२० सारख्यांत आवाज भरले, आणि आपल्या ऑर्केस्ट्रांनी ते आवाज इतके वाजवले की मिडीचं भोक मागे आहे हेच सगळे विसरले. त्या भोकातून वायर इंटरफेसच्या मिडी इनला लावा. पॅडवर काठी मारा, लॅपटॉपमधे नोट येते. मग एका पॅडवर ८०८ची किक, दुसऱ्यावर संबळ, तिसऱ्यावर आमच्या गल्लीतल्या मासळीवालीची हाक. फक्त मिडीचा चॅनेल बघा. माझ्या पॅडवर तो १० होता, आणि सॉफ्टवेअर १ वर कान लावून बसलं होतं. त्यात एक रविवार गेला.

स्टेजवर ऑक्टापॅड भुताने झपाटल्यासारखा आपोआप वाजू लागला तर घाबरू नका. सबवूफरचा हादरा स्टँडमधून पॅडपर्यंत चढतो आणि पॅडला काठी लागल्यासारखं वाटतं. स्टँडच्या पायांखाली जाड फोमचे तुकडे ठेवा आणि मेनूत थ्रेशोल्ड (किती जोराचा फटका मोजायचा ती मर्यादा) थोडा वर न्या. फोम मी जुन्या सोफ्याचा वापरतो.

बाहेर वाजवताना

मी कार्यक्रमाला बहुतेक वेळा ट्रान्स-हार्बरच्या लोकलने जातो. ठाण्याहून लगेजच्या डब्यात चढायचं, वाशी किंवा कोपरखैरण्याला उतरायचं. म्हणून माझ्या सेटअपचा आकार लोकलच्या दाराने ठरवलाय. ओळखीच्या सुताराकडून १२ एमएमच्या प्लायचा एक पाट करून घेतला, २४ इंच बाय १४. त्यावर इंटरफेस, ड्रम मशीन, बेसचा सिंथ, पॉवर असलेला यूएसबी हब आणि स्टिरिओ डीआय, सगळं व्हेल्क्रोने कायमचं चिकटवलंय. पाटाखाली स्पाइक गार्ड. आतल्या सगळ्या वायरी घरीच जोडलेल्या, टायने बांधलेल्या. पाटातून बाहेर जातात त्या फक्त तीन: विजेची एक, साउंडवाल्याकडे जाणाऱ्या एक्सएलआरच्या दोन. लॅपटॉपची यूएसबी आणि ऑक्टापॅडची मिडी वरून लागते.

हे जोडायचा सराव घरी दिवे बंद करून करा, मोबाइलवर वेळ लावून. पहिल्यांदा मला तेवीस मिनिटं लागली, त्यात एकदा पाट उलटा ठेवला होता. आता सात लागतात. चालू करताना आधी डबे, मग मॉनिटर, सर्वांत शेवटी साउंडवाल्याला चॅनेल उघडायला सांगायचं. बंद करताना नेमकं उलटं. नाहीतर ठॉप असा आवाज होतो आणि साउंडवाला आयुष्यभर तोंड लक्षात ठेवतो.

साउंडवाल्याशी नीट बोला. कोपरखैरण्यात एका गच्चीवर माझा हा संवाद झाला.

"दादा, सिस्टिम स्टिरिओ आहे का?"

"टॉप दोन आहेत, पण दोघांचं डोकं एकच आहे. तुम्ही फक्त लेफ्ट द्या."

म्हणजे स्पीकर दोन, पण दोन्हींतून आवाज एकच, मोनो. दिली. पहिल्या गाण्यात अर्धी घुंगरं गायब, सिंथचा सूर सर्दी झाल्यासारखा, कारण ते सगळं मी हौसेने उजवीकडे टाकलं होतं. तेव्हापासून नियम केला. माझ्या मास्टर आउटपुटवर मोनोचं एक बटण असतं. सिस्टिम मोनो असेल तर मी माझ्याच बाजूने दोन्ही मिसळून पाठवतो. आणि घरी प्रत्येक गाणं मोनोत ऐकूनच बंद करतो. साधारण १२० हर्ट्झच्या खालचं सगळं तर कायम मधोमध, मोनो. बेस डावी-उजवीकडे पसरवून ठेवलात तर मोनोत दोन बाजू एकमेकांना खातात आणि किक पिंपातून आल्यासारखी येते.

साउंडचेकला आधी तुमचं सर्वांत जोराचं गाणं लावा. शिखर मीटरवर उणे ६ डेसिबलच्या वर जायला नको. त्यावर साउंडवाल्याला गेन लावू द्या. मग आपल्या आवाजाच्या नॉबला हात लावायचा नाही, कितीही अंगात आलं तरी. अंगात येतंच, म्हणून मी माझ्या मास्टरच्या नॉबवर पारदर्शक टेप लावतो. ती सोलायला चार सेकंद लागतात, तेवढ्यात अंगातलं उतरतं.

लॅपटॉपवर वायफाय, ब्लूटूथ, अपडेट, झोपायची सेटिंग सगळं बंद. बॅटरी पूर्ण, चार्जरही सोबत. पूर्ण सेटची एक स्टिरिओ फाइल मोबाइलमधे ठेवा आणि मोबाइलपासून डीआयपर्यंतची वायर पाटावर आधीच बांधून ठेवा. लॅपटॉप मेला तर लोकांना कळायच्या आत दुसरीकडून गाणं सुरू झालं पाहिजे. मला हे एकदाच लागलं. मी ऑक्टापॅड बडवत राहिलो आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही. याचं बरं वाटावं की वाईट, अजून ठरलेलं नाही.

पावसाळ्यात आणखी एक काम वाढतं. आमच्याकडे खाडीची खारी हवा, त्यात जून ते सप्टेंबर ओल. जॅक काळे पडतात, फेडर खरखरतात, रॉकवूलच्या कापडाला बुरशी येते. डबे वापरात नसताना मोठ्या हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात, सिलिका जेलच्या पिशव्यांबरोबर ठेवा. जेलचे दाणे रंग बदलणारे घ्या, म्हणजे कधी वाळवायचे ते कळतं. खरखरणाऱ्या फेडरला इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, अगदी थोडा, आणि मग फेडर वीस-पंचवीस वेळा वर-खाली. दारांच्या बिजागऱ्यांना मारतो तो गंजाचा स्प्रे मारू नका. तेल राहतं, त्यावर धूळ बसते, आणि महिन्याने पहिल्यापेक्षा वाईट खरखर सुरू होते. वायरी वर्षातून दोनदा मल्टिमीटरच्या बझरवर तपासा. एक टोक धरून वायर हलवत राहा. बझर तुटक वाजला तर ती वायर आजच बाजूला काढा, "चालतेय तोवर चालू दे" करू नका.

कार्यक्रम संपला की सगळे येऊन हात मिळवतात, कोणी चहा विचारतं, कोणी सिंथचा फोटो काढतं, आणि नेमक्या त्याच वेळी वायरी हरवतात. मी आधी वायरी गुंडाळतो, मग हात मिळवतो. कोपरावरून पिळून गुंडाळायच्या नाहीत. एक वेढा सरळ, एक उलटा, असं केलं की पुढच्या वेळी फेकल्याबरोबर सरळ पसरते. पाटाबाहेरच्या माझ्या वायरी अकरा. प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना हिरवी टेप, कारण साउंडवाल्याच्या काळ्या आणि माझ्या काळ्या अंधारात जुळ्या बहिणी. बॅगेत टाकताना मोठ्याने मोजतो. गेल्या वेळी भाचा मदतीला आला होता. दहा भरल्या. अकरावी एक्सएलआर साउंडवाल्याच्या पेटीत वरच पडली होती, हिरवी टेप चमकत. भाच्याने ती उचलली, मला न विचारता पुन्हा पहिल्यापासून सगळ्या मोजल्या, आणि मग आम्ही शेवटच्या ठाणे लोकलसाठी पळालो.